सांगून ठेवलेलं पाणी

"येणार असशील तर येते म्हण, नसशील तर नाही म्हण. पण तिला येते म्हणून घरात बसू नकोस. ती वाट बघत बसेल."

सासूबाई हे बोलल्या तेव्हा त्या दारात उभ्या राहून पायपुसणं झटकत होत्या, आणि ज्या टाकीमावशीबद्दल हे चाललं होतं ती अजून वळणापर्यंतही पोचली नव्हती. तिची पाठमोरी, जरा डाव्या अंगाला झुकलेली चाल फाटकातून दिसत होती. सून बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती. बाळ दूध पिऊन ढेकर देण्याच्या बेतात होतं आणि अशा वेळी तिचं सगळं लक्ष त्या ढेकरेकडे असे.

"अहो आई, तोंडदेखलं म्हटलं मी. त्यांनाही कळलं असेल."

"तिला नाही कळत तोंडदेखलं. आमच्या वस्तीत कुणालाच कळत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि पायपुसणं पायरीवर असं आपटलं की धुळीबरोबर विषयही उडाला.

बाळाने ढेकर दिली. सुनेला हायसं वाटलं. सासूबाईंचं बोलणं तिने कानामागे टाकलं, आणि ते तिथेच बरेच दिवस पडून राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, एका म्हातारीला येते म्हटलं आणि गेलं नाही, यात एवढं काय आहे. आपण दिवसातून कितीदा म्हणतो. या एकदा, येऊ की, भेटू निवांत. सुनेचंही तेच म्हणणं होतं. पण त्या वस्तीचं गणित वेगळं होतं, आणि ते कळायला आधी तिथली वीज कळायला हवी.

वस्ती डोंगराच्या कुशीत होती. वर ओढ्यावर एक बुटका बांध. बांधापासून निघालेला पाट डोंगराच्या कडेकडेने एका हौदापर्यंत यायचा आणि हौदातून माणूस ओणवा होऊन शिरेल एवढा जाड लोखंडी पाइप सरळ उतारावरून खाली घुसायचा, तो थेट वीजघरात. तिथे पाणी एका चाकावर आदळायचं, चाक फिरायचं, आणि त्यावर वस्तीतल्या घरांचे दिवे लागायचे. बाहेरच्या जगाला या विजेची खबरही नव्हती. आता बांध गाळाने भरलाय, पाटात गुडघाभर गवत आहे आणि पाइपावर गंजाचे एवढे पापुद्रे सुटलेत की हात लावला तर तळवा तांबडा होतो. मोठी लाइन डोंगर चढून वर आली, घरोघर मीटर बसले, तेव्हा वीजघर बंद पडलं. ती लाइन सांभाळणारा वायरमन म्हणजे आपल्या या सुनेचा नवरा. म्हणजे ज्या विजेवर तो लहानाचा मोठा झाला, तिच्या जागी आलेल्या विजेचा तो नोकर. त्याला याचं फार काही वाटत नसे. तो म्हणे, "वीज ती वीज. झटका दोन्हीचा सारखाच."

लग्नानंतरचा पहिला काळ सून शहरातच होती. बाळ दिवस भरायच्या आधी झालं. काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. पेटीच्या गोल भोकातून हात घालून त्याच्या बोटाला बोट लावायचं, एवढंच तिच्या हाती होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, "जंतूंपासून जपा." त्यांनी ते सगळ्यांनाच सांगतात तसं सांगितलं असेल, पण ऐकणारी बाई कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली होती. साध्या पाण्याचा थेंब भिंगाखाली वळवळताना जिने पाहिलाय, तिला पुन्हा पाणी नुसतं पाणी दिसत नाही. पुढे नवऱ्याची बदली त्याच्याच वस्तीच्या लाइनवर झाली आणि ती बाळाला, थर्मामीटरला आणि उकळून गार केलेल्या पाण्याच्या बाटल्यांना घेऊन सासरी आली.

आल्या आल्या तिला वस्तीतली माणसं उद्धट वाटली. शेजारच्या शिंपिणीला तिने गोड आवाजात म्हटलं, "या ना उद्या चहाला."

"नाही येणार," शिंपीण म्हणाली आणि सुईत दोरा ओवत राहिली.

सून घरात येऊन जरा रडलीच. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं, तर तो हसायला लागला.

"अगं, तिला उद्या काम असेल. इथे जमणार नसेल तर नाही म्हणतात."

"पण अशी तोंडावर?"

"मग काय पाठीवर?" असं म्हणून तो थांबला, आणि बायकोचे डोळे पाहून जरा नीट सांगायला लागला. "आमच्याकडे चाक एकदा फिरायला लागलं की वीज होणारच. कुणी वापरली नाही तर चाक मोकाट सुटतं, दिवे प्रखर होतात आणि बल्ब फटाफट उडतात. म्हणून ऑपरेटरकाकांनी काय केलं, उरलेली वीज एका लोखंडी टाकीतल्या पाण्यात सोडली. आत कॉइल. घरं झोपली की सगळी वीज टाकीत. सकाळी पाणी कडकडीत."

"फुकट?"

"फुकट. पण दिवसा वीज एकच आणि मागणारे चार. सुताराला करवत चालवायची, गिरणीवाल्याला गिरणी. म्हणून ज्याला गरम पाणी हवं असेल त्याने आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. सांगितलं की तुझ्यासाठी सुताराची करवत बंद. मग तू गेलीच नाहीस, तर सुताराचा दिवस बुडाला आणि अख्ख्या वस्तीची वीज वाफ होऊन उडाली. त्यामुळे आमच्याकडे येते म्हणून न जाणं म्हणजे..." त्याने योग्य शब्द शोधला, पण तो सापडला नाही. "म्हणजे तसं कुणी करत नाही."

"आणि आता? आता तर मीटर आहेत."

"मीटर भिंतीवर आहेत," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "जीभ जुनीच आहे."

त्या टाकीचा कारभार ऑपरेटरकाकांच्या बायकोकडे होता. तीच टाकीमावशी. वस्तीत मूल जन्मलं की त्याची पहिली मोठी आंघोळ टाकीच्या पाण्याने, मावशीच्या हातून. यामागे देवधर्म काही नव्हता. गरम पाणी तिथे होतं आणि तान्ह्या बाळाला धरायची कला तिच्या हातात होती, एवढंच. तिला स्वतःला मूलबाळ झालं नाही. वस्तीतली दोनेक पिढ्यांची ढुंगणं मात्र तिने धुतली होती आणि हे ती कुणालाही, कुठेही, अगदी सभेतही ऐकवायची. सुनेचा नवराही त्यातलाच. "याला पाणी जास्तच कडक पडलं," सासूबाई म्हणत, "म्हणून डोकं तापतं."

वीजघर बंद पडलं तसं ऑपरेटरकाकांनी टाकी कापून अर्धी केली, विटांवर चढवली आणि खाली चूल घातली. ते गेल्यावर मावशी एकटीच वीजघराला लागून असलेल्या खोलीत राहत राहिली. पण पोरी आता गावच्या दवाखान्यात बाळंत होत, घरात गिझर होते. मावशीकडे येणं हळूहळू थांबलं. सगळ्यांनी तिला नाही म्हणून सांगितलं, स्पष्टपणे, वस्तीच्या रीतीने. तिने ते ऐकलं आणि टाकी पालथी घालून ठेवली.

मग एक दिवस वायरमनचं बाळ आल्याची बातमी तिच्या कानावर गेली. ती फाटकात आली, बाळाकडे लांबूनच बघितलं, हात लावला नाही. "माझे हात धुतलेले नाहीत," म्हणाली. हे ऐकून सुनेला ती एकदम आवडली. तेवढ्यात मावशी म्हणाली, "सूनबाई, आणशील का याला? पाणी तापवते."

आणि शहरात वाढलेल्या, चारचौघांत कुणाला दुखवायचं नाही हे शिकलेल्या पोरीने गोड हसून म्हटलं, "हो, येते ना मावशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वीजघराच्या पत्र्यावर धूर दिसला.

सून तशी सगळीकडे डोळ्यांत तेल घालून बघणारी. बाळाच्या पोटाचं वरखाली होणं, नखांचा रंग, दुपट्यावरचा प्रत्येक डाग तिच्या नजरेतून सुटत नसे. धूरही सुटला नाही. रोज सकाळी तो यायचा, आधी काळा, मग निळसर, मग विरळ, आणि दुपार कलली की बंद. मावशी पाटाच्या कडेने वाळकी लाकडं गोळा करताना दिसायची, एका हातात मोळी आणि दुसरा हात पाइपाला टेकलेला. पत्र्याखाली बसायचे दोन लाकडी पाट मांडलेले दिसायचे, एक उंच आणि एक बुटका. सुनेने हे सगळं पाहिलं आणि तिला वाटलं, म्हातारीचा हा रोजचा क्रम असेल.

सासूबाईंना माहीत होतं. त्या दळण आणायला त्या बाजूला गेल्या की निरोप घेऊन येत. "पाणी ठेवलंय म्हणाली."

"आज सर्दी वाटतेय त्याला. उद्या."

दुसऱ्या दिवशी वारा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी लस टोचली होती. मग शी पातळ झाली होती. खरं कारण यातलं एकही नव्हतं. खरं कारण ती गंजकी टाकी होती, जिच्या कडेला हात लावला तर तळवा तांबडा होईल. तिच्या डोळ्यांसमोर त्या पाण्यातला एक थेंब भिंगाखाली वळवळत असे, आणि त्याच्या पलीकडे काचेची पेटी.

"मग सांग ना नाही म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "नाही म्हटल्याने कुणी मरत नाही."

"वाईट वाटतं हो आई."

"कुणाला? तिला वाटेल म्हणून, का तुला वाटेल म्हणून?"

नवरा म्हणाला, "मी सांगून येऊ का? जाता जाता सांगतो, खांबावर चढायचंच आहे तिकडे."

"नको, मीच सांगते. तुम्ही काहीतरी तोडून बोलाल."

म्हणजे सांगायची जबाबदारीही तिने आपल्याकडे घेऊन ठेवली आणि तीही पाळली नाही.

मधे एकदा दुकानात गाठ पडली. मावशी काडेपेट्या घेत होती, एकदम पुष्कळ. दुकानदार म्हणाला, "मावशी, डोंगर पेटवताय की काय?" मावशी म्हणाली, "तुझी मिशी पेटवते, थांब." दुकान हसलं. सूनही हसली. मग मावशी वळली आणि तिच्या हातातल्या दुपट्याच्या गाठोड्याकडे बघत राहिली. तिच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, भाजल्याचा जुना चट्टा होता, चकचकीत आणि सुरकुतलेला.

"अंग धरलंय हं," मावशी म्हणाली. "पाय बघू?"

सुनेने दुपटं जरा बाजूला केलं. मावशीने पाय बघितले. हात मागे बांधलेलेच होते.

"उद्या ना?" तिने विचारलं. त्यात तक्रार नव्हती. ठरल्याप्रमाणे आहे ना, एवढं पडताळून बघणारा तो प्रश्न होता.

"बघते हं," सून म्हणाली. बघते हा शब्द वस्तीत कुणी वापरत नसे. मावशीने त्याचा अर्थ हो असा घेतला.

शेवटी सून एका सकाळी मनाचा हिय्या करून निघाली. बाळाला सासूबाईंकडे दिलं. जाऊन सांगायचं, मावशी, माझ्या बाळाची प्रकृती नाजूक आहे, मला जमणार नाही, तुम्ही पाणी तापवू नका. वाक्य तिने वाटेत चारदा म्हणून बघितलं. पाइपाच्या कडेची पायवाट शेवाळलेली होती. ती जपून उतरत वीजघराच्या वरच्या अंगाला आली आणि थांबली.

खाली मावशी पाठमोरी बसून इनॅमलचं एक पांढरं घमेलं राखेने घासत होती. काठाचे टवके उडालेलं ते जुनं घमेलं. ती आतून घासायची, पाणी ओतायची, उजेडात धरून बघायची, पुन्हा घासायची. अगदी सून स्वतः बाटल्या घासते तशी. मग तिला चाहूल लागली. तिने मान वर केली, आणि तिचा चेहरा असा फुलला की सुनेचं पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. मावशी गुडघ्यावर हात देऊन उठली आणि घाईघाईने आत गेली. बाहेर आली ती हातात घडी घातलेला नवाकोरा पंचा घेऊन. मग तिने सुनेचे रिकामे हात पाहिले.

"एकटीच?"

नाही म्हणायला याहून चांगली वेळ आली नसती. सून वरूनच म्हणाली, "आज जरा खोकतोय तो, मावशी. हेच सांगायला आले. उद्या नक्की."

नक्की हा शब्द तिला उच्चारायचा नव्हता. तो आपला आपणच बाहेर पडला.

"बरं झालं सांगितलंस," मावशी म्हणाली. "मग लाकडं ओढून घेते, उद्याला होतील." तिने पंचा पाटावर ठेवला, चुलीपाशी वाकली आणि जळती लाकडं एकेक करून बाहेर ओढून त्यांच्यावर पाणी शिंपडलं. फसफस आवाज झाला. धुरात ती दिसेनाशी झाली. सून तिथून निघाली. चढ चढताना तिने मागे वळून पाहिलं नाही. घरी येऊन तिने बाळाला कुशीत घेतलं.

मग तिने ठरवलं, उद्या जायचंच. आपलं उकळलेलं पाणी बाटल्यांत घेऊन जायचं, मावशीच्या घमेल्यात ओतायचं, हात मावशीचे आणि पाणी आपलं. असं केलं तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. एवढी साधी तोड इतके दिवस सुचली कशी नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

पण खोटा खोकला त्या संध्याकाळी खरा झाला. बाळाची छाती घरघरायला लागली. रात्र होण्याआधीच ती नवऱ्याबरोबर जीपने खाली दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, साथ आहे, घाबरण्यासारखं नाही. पण ती घाबरली. बाळ बरं झाल्यावरही ती परत वर आली नाही. दवाखान्याच्या जवळ तिचं माहेर होतं. तिथेच राहिली, आज जाऊ उद्या जाऊ करत. नवरा सुट्टीच्या दिवशी यायचा. सासूबाई त्या काळात त्यांच्या लेकीकडे गेल्या होत्या, त्यामुळे वरचा निरोप आणणारं कुणी नव्हतं. आणि मावशीला निरोप देणारंही; नवऱ्याला तर, मीच सांगते, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं.

एकदा नवरा आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, "वीजघर भंगारात काढलं. पाइप कापून नेणार आहेत. खोलीही पाडतील."

"मग मावशी?"

"भाचा आहे तिचा, टेम्पो चालवतो. तो नेणार म्हणे."

"तुम्ही भेटलात तिला?"

"लांबून पाहिलं. चूल पेटलेली होती."

दुसऱ्याच सकाळी ती बाळाला घेऊन बसमध्ये चढली. पिशवीत पाण्याच्या बाटल्या होत्या, घरून उकळून घेतलेल्या. बस वळणं घेत चढत होती आणि ती खिडकीतून वर बघत होती. शेवटच्या वळणावरून वीजघराचा पत्रा दिसतो. दिसला. त्यावर धूर नव्हता.

ती घरी गेलीच नाही. थांब्यावर उतरली आणि तशीच बाळाला कडेवर घेऊन पायवाटेला लागली. पाइपाचा वरचा भाग कापून झाला होता. वर्षानुवर्षं झाकलेली माती ओलसर काळी दिसत होती आणि तिच्यावरून पांढुरके किडे सैरावैरा पळत होते. खाली गॅसकटर घेतलेला एक कामगार डोळ्यांना काळा चष्मा लावून बसला होता.

पत्र्याखाली अर्धी टाकी विटांवर तशीच होती. पाणी काठोकाठ भरलेलं, वर राखेची साय. चुलीशेजारी वाळकी लाकडं सारख्या लांबीची करून रचलेली, कितीतरी दिवस पुरतील एवढी. दोन्ही पाट जागेवर. घमेलं नव्हतं. पंचाही नव्हता. खोलीच्या दाराला कुलूप नव्हतं आणि आत काही नव्हतं, फक्त एक बल्ब जळत होता, भरदिवसा. जुन्या विजेच्या सवयीने बटण कुणी बंद केलंच नव्हतं.

"इथली बाई?" तिने विचारलं.

कामगाराने चष्मा कपाळावर सरकवला. "म्हातारी होय? गेली परवा. भाच्याने नेली. पण निघता निघेना हो. आम्ही पाइप कापतोय, भाचा टेम्पोचा हॉर्न वाजवतोय, आणि ही चुलीपुढे बसलेली. म्हणे, एक बाई यायची आहे बाळाला घेऊन, तिने सांगून ठेवलंय. भाचा म्हणाला, मावशी, इतके दिवस आली नाही ती आता काय येणार. तर त्यालाच उलटी म्हणाली, येणार नसती तर तिने सांगितलं असतं. मागे मुद्दाम चालत येऊन सांगून गेली, आज नाही उद्या म्हणून. अशी सांगणारी पोर आहे."

सुनेने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मग गेली कशी?"

"भाचा हुशार," कामगार हसला. "म्हणाला, अगं, ती बाई आता खाली राहायला गेलीय, आपल्या खोलीजवळच. तिथेच घेऊन येणार आहे बाळाला. तेव्हा कुठे चढली. सामान मागे टाकलं आणि ते आंघोळीचं घमेलं मांडीवर घेऊन पुढे बसली. कोण बाई होती देव जाणे." त्याने चष्मा पुन्हा खाली ओढला. "ताई, जरा बाजूला व्हा. ठिणग्या उडतील, लेकरू आहे."

ती बाजूला झाली. बुटक्या पाटावर बसली. बाळाने वाकून टाकीच्या काठाला हात लावला आणि तो तळवा तांबडा करून तिच्या गालाला फासला. तिने तो पुसला नाही. नंतर ती उठली आणि आत जाऊन बल्ब बंद करायला हात पुढे केला. केला आणि तसाच मागे घेतला.

शोध घेतला नाही असं नाही. भाच्याचा फोन लागेना. नवऱ्याने टेम्पो थांब्यावर विचारलं तेव्हा बस डेपोच्या मागच्या एका चाळीचा पत्ता मिळाला. ती बाळाला घेऊन तिथे गेली. घरमालकीण दारातच म्हणाली, "सोडली त्यांनी खोली. सोडायलाच लावली. म्हातारी रोज सकाळी अंगणात तीन विटा मांडून पाणी तापवायची. धुराने बाकीचे भाडेकरू वैतागले. दिवसाही दिवा घालवू द्यायची नाही. काय विचारलं तर म्हणे, एक बाई यायची आहे."

"कुठे गेले?"

"टेम्पोवाला तो. जिकडे भाडं तिकडे घर." मग तिने बाळाकडे बघितलं, पुन्हा आईकडे बघितलं. "तुम्हीच का त्या?"

तिच्या तोंडात 'नाही' आलं होतं. इतके दिवस जे जमलं नव्हतं ते आता अगदी सहज जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि हो म्हणून मान हलवली.

"मग यायचंत की," घरमालकीण म्हणाली.

बाळ आता उभं राहतं, भिंत धरून चालतं. सासूबाई परत आल्या आणि त्यांना सगळं कळलं. शिंपिणीने सुनेला परवा चहाला बोलावलं. तिला बाळाचे कपडे धुवायचे होते. ती म्हणाली, "नाही येणार." शिंपिणीने मान वर करून तिच्याकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट, आणि हसली.

तर आता तिचं तुमच्याकडे एक काम आहे. तुम्ही कुठे राहता ते तिला माहीत नाही, पण तुमच्या गल्लीत, चाळीत, डेपोच्या मागे कुठे टेम्पोवाल्याच्या घरात नवी म्हातारी आली असेल तर तिच्याकडे लक्ष असू द्या. डाव्या अंगाला झुकून चालते. डाव्या हातावर कोपराखाली भाजल्याचा चट्टा आहे. घरात भरदिवसा बल्ब चालू असेल. सकाळी कुठे चूल पेटलेली दिसली आणि शेजारी काठाचे टवके उडालेलं पांढरं घमेलं पालथं घातलेलं असेल, तर ती तीच. तिला ती बाई येते म्हणालीये असं सांगू नका. ते खूप वेळा सांगून झालंय. फक्त जवळ जाऊन बघा, लाकडं तिला स्वतःलाच आणावी लागतात का, वाकताना हात भाजत नाही ना, दाराकडे तोंड करून बसते तेव्हा कुणी तिच्याजवळ बसतं का. आणि पत्ता तेवढा वायरमनच्या घरी कळवा. निघायची तयारी करून सून दाराशीच असते. तोवर, उद्या सकाळी, तुम्हीच एकदा डोकावून या.